न आलेल्या फोनचं वाण

शनिवार, ५ मे २००७. रक्कम पाच हजार रुपये, रोख. ठिकाण नाशिकच्या एम. जी. रोडवरचं मोबाइलचं दुकान. हजर मंडळी: मी, माझी पत्नी, आमचे जावई आणि काउंटरमागे दुकानदार. ज्या वस्तूसाठी पैसे मोजले ती वस्तू मात्र हजर नव्हती. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढे जो तमाशा झाला त्यात नेमकी हीच गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरले.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये गेली. आमच्या खात्यात जो माल गेटातून आत आला नाही तो माल नाहीच. पुरवठादार फोनवर शपथा घेतात, गाडी घाट चढून इगतपुरीला पोचली, तासाभरात आलीच म्हणून समजा. मी समजत नसे. गाडी दारात लागली, पेट्या उघडल्या, नग मोजले की मगच माझी सही. अशा माणसाने एका छापील चित्रावर पाच हजार रुपये मोजले, यावरून आमच्या घरात त्या दिवसांत काय वारं वाहत होतं ते कळावं.

आदल्या वर्षी आमच्या थोरल्या लेकीचं लग्न चांदवडला झालं. व्याह्यांचा कांद्याचा व्यापार. जावई वडिलांच्याच धंद्यात, मनाने सरळ, पण मोबाइलचा नाद भारी. लेक बी.एस्सी. झालेली. लग्नाच्या बोलण्यातच मी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वर्षी ती बी.एड. करणार, नाशिकला आमच्याकडे राहून, आणि शनिवारी दुपारी एसटीने चांदवडला जाणार. तेव्हा व्याही मोठ्याने हसले होते. "शिकू द्या की! आम्ही काय तिला कांदे निवडायला नेतोय का?" चारचौघांत बोललेलं वाक्य आहे, मी घरात बसून रचलेलं नाही.

पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचं पहिलं धोंड्याचं वाण, म्हणजे जावयाला काहीतरी चांगलं द्यायलाच हवं, असं आमच्या घरात ठरलं. मी घड्याळ म्हणालो. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. "आमचं काय मागणं नाय बरं का. पोराच्या मनात एक फोन हाय, तेवढं सांगून ठेवलं." मागणं नाही, फक्त मनात आहे. मागणाऱ्याला निदान नाही म्हणता येतं. मनात असलेल्याला काय म्हणणार?

तो फोन अजून बाजारात यायचा होता. एका परदेशी कंपनीने त्याची पत्रकं वाटली होती. काचेवर काडीने लिहायचं, इंटरनेट पाहायचं, पत्र पाठवायचं. जावयांनी मला समजावलं, "पप्पा, लासलगावचा लिलाव चालू असतानाच भाव हातात दिसणार. स्मार्टफोन म्हणतात याला." किंमत बावीस हजारांच्या आसपास राहील असं दुकानदार म्हणाला. आसपास या शब्दाची मला चीड आहे.

"काका, पंधरा दिवसांत लाँच आहे," दुकानदार म्हणाला. "नाशिकला पहिल्या लॉटमध्ये मोजकेच पीस येणार. आज बुकिंग केलं नाही तर डायरेक्ट दिवाळी."

"आणि नाहीच आला तर?"

"येणार ना काका! कंपनी आहे, भाजीवाली थोडीच आहे."

"भाजीवाली टोपलीत मेथी असल्याशिवाय ओरडत नाही," मी म्हणालो.

पत्नीने माझ्या कोपराला चिमटा काढला. मी पैसे मोजले.

धोंड्याचं जेवण रविवारी, २७ मेला ठेवलं होतं. फोन आला नाही. आदल्या दिवशी मी दुकानात गेलो तर दुकानदाराच्या चेहऱ्यावर लाज नाही, उलट उपकार केल्यासारखा भाव. त्याने कपाटातून एक फोन काढून माझ्या हातात दिला. हुबेहूब तोच, पण आत काही नाही. काचेच्या जागी चिकटवलेला रंगीत कागद आणि पोटात वजनासाठी भरलेला लोखंडाचा तुकडा. काउंटरवर मांडायला कंपन्या असा नमुना पाठवतात, त्याला ते डमी म्हणतात. "हा घेऊन जा काका. पूजेला चालून जाईल. ओरिजिनल आला की देतो."

मी तो घरी नेला आणि पत्नीला म्हणालो, हा ताटात ठेवायचा नाही. रिकामं ताट बरं, निदान खोटं तरी बोलत नाही. ती म्हणाली, "अहो, पहिलं वाण. नुसते अनारसे देऊन जावयाला पाठवायचं? चांदवडचे लोक काय म्हणतील?" चांदवडचे लोक हा आमच्या घरात शेवटचा मुद्दा असतो. त्यानंतर चर्चा होत नाही.

दुसऱ्या दिवशी तांब्याच्या ताटात अनारसे मांडले, मधोमध तो डमी. कॉलनीतले गुरुजी आले. जावयांना आणि लेकीला पाटावर बसवलं. अनारशांना हळदकुंकू, डमीलाही हळदकुंकू, वर एक तुळशीपत्र. संकल्प झाला. गुरुजींनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि मी ते ताटावर सोडलं. व्याही-विहीण समोर सोफ्यावर बसून बघत होते. विहीणबाईंनी तर त्या डमीला हात जोडले.

तिथेच सगळं अडकलं. विहीणबाईंनी तो डमी चांदवडला नेऊन देवघरात ठेवला. खरा फोन येईपर्यंत वाणाची वस्तू इकडेतिकडे पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. रोज देवाबरोबर त्यालाही फूल वाहिलं जाई. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं जाई, की नाशिकच्या व्याह्यांनी पोराला हा फोन दिलाय, कंपनीकडून निघाला की येतोय. लेकीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही.

जून लागला आणि फोन का येत नाही यावर ज्याला त्याला मत फुटलं. मी आयुष्यात इतके तज्ज्ञ एकत्र पाहिले नव्हते. आमच्या टूलरूममधला सहकारी म्हणाला, साचा चुकलाय, दोन झाकणं एकमेकांवर बसत नसणार. बँकेत असलेला शेजारी म्हणाला, कंपनीचा पैसा अडकलाय, व्याज वाढतंय. पत्नीचं मत सर्वांत ठाम होतं. "अधिक महिन्यात कुणी नवं काही काढतं का? कंपनीलाही कळतं तेवढं." व्याही फोनवर म्हणाले, "साठा करून ठेवलाय हो त्यांनी! भाव वाढायची वाट बघत्यात. आम्हाला नका शिकवू, आमचा जन्म गेला ह्यात."

यातल्या एकानेही तो फोन डोळ्यांनी पाहिला नव्हता. कंपनीला कुणी विचारलं नव्हतं. जो तो आपल्या धंद्यातली अडचण त्या न बनलेल्या वस्तूच्या पोटात भरत होता.

जावई मात्र बातमी काढून आणत. चांदवडच्या सायबर कॅफेत बसून कागद छापून घेत, घरी वडिलांना सांगत आणि मला फोन करत. आधी म्हणाले, काच उन्हात पांढरी पडते म्हणून परत पाठवली. मग म्हणाले, काम करणारे अर्धे इंजिनिअर सोडून गेले. मग अमेरिकेत दुसऱ्याच एका कंपनीने बोटाने चालणारा फोन काढला, त्यामुळे यांनी काडीचा विचार नव्याने सुरू केला. नंतर बॅटरी फुगते. नंतर माल न्हावाशेवाच्या बंदरात कंटेनरमध्ये पडून आहे, कस्टमवाले सोडत नाहीत. कंटेनरची बातमी ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण कंटेनर म्हणजे निदान माल तरी आहे. मी एम. जी. रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, "कंटेनर? असेल काका. वरून काही कळवत नाहीत." पाच हजार घेताना त्याला वरचं सगळं ठाऊक होतं.

याच सुमारास बी.एड.ची यादी लागली. लेकीला नाशिकच्याच एका चांगल्या महाविद्यालयात जागा मिळाली. फी भरायची शेवटची तारीख सोमवार, १६ जुलै. त्या दिवशी खिडकी बंद होण्याआधी पैसे भरले नाहीत तर जागा पुढच्या नावाला. मी चांदवडला फोन लावला, म्हणालो, लेकीला कधी घ्यायला येऊ?

व्याही म्हणाले, "पाठवतो की. फोन येऊ द्या, मग पाठवतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, अगदी गोड आवाजात. "उदक सोडलंय तुम्ही, व्याही. वाण अर्धं राहिलं तर आमच्या पोराला दोष लागतो. ते पुरं झालं की सून तुमचीच हाय. शिकवा, डॉक्टर करा."

आजही हे लिहिताना माझा संताप होतो. एका कंपनीला आपला फोन बनवता येत नव्हता, म्हणून माझ्या मुलीला वर्गात बसता येणार नव्हतं. कुठल्या देशात कुणी काच चुकवली, कुठला इंजिनिअर नोकरी सोडून गेला, त्याचा हिशेब माझ्या लेकीच्या नावावर. आणि हे सांगणारा माणूस वर्षापूर्वी कांदे निवडायला नेत नाही म्हणून हसला होता!

मी त्यांना म्हणालो, त्याच किमतीचा दुसरा फोन देतो, आज देतो, दुकानात ठेवलेला आहे.

"देवघरात हा आन् हातात दुसरा? आख्ख्या गावानं बघितलाय, व्याही. आन् उदक ह्याच्यावर सोडलंय."

मी म्हणालो, रोख घ्या, बावीस हजार. त्यावर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "आम्ही पैसे घेणारी माणसं नाय." ते मात्र खरं होतं. पैसे घेतले असते तर मामला मिटला असता.

पत्नी दोन दिवस रडली. तिला वाटत होतं डमी ठेवायचा हट्ट तिचा होता म्हणून हे झालं. मी तिला सांगितलं, तू ताटात प्लॅस्टिक ठेवलंस, मुलगी नाही ठेवलीस. हे ज्यांनी केलं त्यांनी केलं. पण एवढ्याने मार्ग निघत नव्हता. शेवटी मी सरळ गुरुजींकडे गेलो. त्यांच्यावरही माझा राग होताच. लोखंडाच्या तुकड्यावर संकल्प सांगताना यांना काही कसं वाटलं नाही?

गुरुजी ओसरीवर झोपाळ्यात बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुम्ही उदक कशावर सोडलंत?"

"ताटावर."

"ताटात काय होतं?"

"अनारसे आणि तो डमी."

"मग दिलंत की. जे ताटात होतं ते दिलंत, समोरच्यानं उचलून घरी नेलं. दान पुरं झालं. अर्धं कुठून राहिलं? मी संकल्पात कंपनीचं नाव घेतलेलं नाही हो." आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही स्टोअरवाले ना? तुमच्याकडे पोच झालेल्या मालाला काय म्हणतात?"

स्वतःची इतकी चीड मला क्वचित आली असेल. आयुष्यभर जे मी पुरवठादारांना ऐकवत आलो तेच मला एका गुरुजीने ऐकवावं! पण चीड गिळली, कारण मुद्दा बिनतोड होता.

रविवारी, १५ जुलैला सकाळच्या एसटीने मी एकटाच चांदवडला गेलो. पत्नीला नेलं नाही. ती रडली असती आणि रडण्याने व्याही आणखी गोड बोलले असते. पाऊस रिपरिपत होता. हायवेवर उतरून घरी पोचलो तर व्याही ओट्यावरच होते. चहा झाला. लेक दारात उभी राहिली. तिच्याकडे पाहून मला कळलं की ती माझ्यापेक्षा जास्त चिडलेली आहे.

मी गुरुजींचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. व्याही हसले. "वा व्याही! खेळणं देऊन वाण उरकलं म्हणायचं! नाशिकचे गुरुजी लय हुशार."

तेवढ्यात जावई म्हणाले, "आबा, फोन येणारच नाहीये."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"कंपनीनं बंदच केलाय तो. काढणारच नाहीत. मी वाचलं."

"कधी?"

"दोन आठवडे झाले असतील."

"आन् ती बॅटरी? तो कंटेनर?" व्याही ओरडले.

जावई मान खाली घालून म्हणाले, "ते मीच सांगत होतो. फोन येणार नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग तीपण जाणार नाही. म्हटलं, येतोय येतोय म्हणत राहू. तोवर तुम्ही विसराल."

मुलगा वाईट नव्हता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. बायकोसाठी त्याने आपल्या बापाशी खोटं बोलायचं धाडस केलं, खरं बोलायचं मात्र झालं नाही. पण मी त्याला माफ केलं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. त्याच्या कंटेनरच्या भरवशावर मी फी भरायच्या तारखेपर्यंत येऊन ठेपलो होतो. मी म्हणालो, "जावईबापू, खरं एका वाक्यात झालं असतं."

लेक पहिल्यांदा बोलली. "मला सांगायचं होतंत ना. मी बोलले असते."

व्याही उठून उभे राहिले. "मग तर मिटलंच. फोन नाय, वाण नाय, जाणं नाय. आन् ते खेळणं घेऊन जा परत." ते आतल्या बाजूला हात दाखवत म्हणाले.

आणि तेव्हा विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. इतके दिवस मी त्यांचा आवाज नीट ऐकला नव्हता. हात पिठाचे होते. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "खेळणं कशाला म्हणताय? मी काय दीड महिना खेळण्याची पूजा केली का?"

"अगं, तो नमुना हाय, आतून रिकामा…"

"तुम्हीच म्हणाला ना, उदक सोडलंय म्हणून? तुम्हीच गावाला दाखवलं ना? सोमवारी तुमच्या बहिणीला, आक्काला देवघरात नेऊन कुणी दाखवलं? आता ते परत पाठवायचं म्हंजे मी वेडी ठरले, गावात वेडी. मला पोचलं ते वाण. माझ्या देवघरातून काय हलायचं नाय."

बाजारात चाळीस वर्षं बोली लावलेले व्याही आता दोन्हीकडून अडकले होते. वाण पोचलं म्हटलं तर सुनेला पाठवायला लागत होतं. नाही पोचलं म्हटलं तर बायकोची पूजा गावात हसण्यावारी जात होती. ते ओट्यावरून खाली उतरले आणि पावसातच कांद्याच्या चाळीकडे निघून गेले. हो म्हणाले नाहीत. आजपर्यंत म्हणालेले नाहीत.

विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "जा गं, कपडे भर. भाकरी झाल्यात, खाऊन निघा." लेक आत गेली. अर्ध्या तासात आम्ही हायवेवर उभे होतो. बॅग जावयांच्या मोटरसायकलवर. ते लेकीला म्हणाले, "शनिवारी घ्यायला येऊ का?" ती म्हणाली, "या. पण खरं बोलायचं असेल तर या." गाडी येईपर्यंत ते तिथेच भिजत उभे राहिले.

दुकानदाराकडून आगाऊ रक्कम परत मिळायला मला गणपतीपर्यंत खेटे घालावे लागले. फोन कंपनीने बंद केला, त्याचा दोष त्याचा नाही, असं तो म्हणे. माझाही नव्हता, हे त्याला पटत नव्हतं. शेवटी पाच हजारांतले पाचशे "प्रोसेसिंगचे" म्हणून कापून साडेचार हजार दिले. कशाची प्रक्रिया, असं मी विचारलं. आलीच नाही त्या वस्तूची? तो म्हणाला, "काका, सिस्टिममध्ये तसंच आहे." त्या कंपनीने ना माफी मागितली, ना एक ओळ छापली. पत्रकं छापायला तिच्याकडे कागद होता.

पण ते नंतरचं. सोमवार, १६ जुलै २००७ रोजी सकाळी साडेदहाला लेक आणि मी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी रांगेत होतो. फी नऊ हजार आठशे पन्नास रुपये. मी नोटा मोजून तिच्या हातात दिल्या, तिने पुन्हा मोजल्या आणि खिडकीतल्या रोखपालांना दिल्या. पावती तिच्या नावाची निघाली.